घरची सुई

मला दिवस गेले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जाहीर केलं की सून सरकारी दवाखान्याची पायरी चढणार नाही. "तिथं एकच सुई साऱ्या गावाले टोचतात. कोनाचं रगत, कोनाचा रोग!"

कुठून ऐकलं देव जाणे. आणि त्यावर त्यांचा उपाय? कुंकवाच्या डब्याशेजारी जपलेली घरची सुई! दर सोमवारी मोटारसायकलवर एक डॉक्टर यायचा. डिग्री कोणी विचारली नव्हती. त्यानं टोचलं की आत्याबाई सुई गरम पाण्यात धुऊन फडक्यात गुंडाळायच्या. घरच्यांचंच रगत, त्यात परकं काय? आता माझं धनुर्वाताचं इंजेक्शनही त्याच सुईनं व्हायचं होतं. पोटातल्या जिवाच्या काळजीनं मी अर्धी झाले. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "आईशी तूच बोल." शूर गडी!

मग बोलले. रविवारी, भाकरी थापता थापता, अगदी साळसूदपणे. "आत्याबाई, ती सुई मामंजींनी म्हशीले टोचली. म्या पाह्यलं." धादांत खोटं.

"अगं माय वो!" सुई फडक्यासकट चुलीत गेली. "पोटुशी सून हाय घरात, आन् तुमाले म्हैस सुचते?" सासरे मान खाली घालून भाकर कुस्करत राहिले. माझ्यापायी बिचारे बोलणी खातात, म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी आत्याबाईच मला उपकेंद्रात घेऊन गेल्या. सिस्टरला दरडावलं, "पाकीट माह्यासमोर फोड, बाई." सिस्टरनं फोडलं, टोचलं आणि सुई तिथल्या तिथे कापून टाकली. "कोरी सुई तोडली वो!" आत्याबाई घरापर्यंत हळहळत होत्या. पुढे बाळंतपणही मेहकरला दवाखान्यातच झालं.

बारशानंतर मी मामंजींची माफी मागितली.

"खोटं कायचं?" ते इकडेतिकडे बघत पुटपुटले. "दूध उतरत नव्हतं, दोनदा टोचली म्हशीले. तुले कसं दिसलं, याचाच इचार करून राह्यलो होतो." मग आणखी हळू, "तिले सांगू नको. त्याच्यानंतर गुडघ्यासाठी तिनं बी तीच टोचून घेतली."

हसता हसता मी थांबले. दुसऱ्या दिवशी लेकीच्या लसीचं निमित्त काढून आत्याबाईंना मेहकरला नेलं आणि रक्त तपासायला बसवलं. "माह्यं रगत कायले?" या वयात सगळ्यांचंच तपासतात, मी ठोकून दिलं. त्यांनी बाही वर केली, समोरच्या पोरीवर डोळे वटारले. "पाकीट माह्यासमोर फोड."

तपासणीचा कागद येईपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले होते.

"काऊन गं, भ्याली काय?"

"हाव," म्हणाले. तेवढं मात्र खरं बोलले.