डोनलच्या अर्जावर माझं नाव

मंगळवारी दुपारी शेजारच्या डोनलचा पुतण्या आला, घर बंद केलं, उरलेल्या दोन गायी ट्रेलरमध्ये चढवल्या आणि गेला. मी ओट्याशी उभी राहून खिडकीतून बघत होते. बाहेर जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते... गेले नाही.

आम्ही आयर्लंडमध्ये, लिमरिक शहरापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर राहतो. मी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, माझा नवरा निखिल आयटीत, सध्या घरूनच काम. आजूबाजूला शेतं आणि जवळ एकच घर, डोनलचं. चौऱ्याहत्तर वर्षांचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. इथे कितीही मोठ्या माणसाला नावानेच हाक मारतात, त्यामुळे आमच्यासाठीही तो डोनलच.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, लॉकडाऊन चालू असताना, भर दुपारी दोन माणसं त्याच्या घरात शिरली. छपराचं काम करून देतो म्हणत आली आणि दार उघडल्यावर त्याला ढकलून दिलं. टीव्ही नेला, बायकोची अंगठी नेली, वर याचं मनगट मोडलं. हॉस्पिटलला मीच घेऊन गेले. वाटभर चांगल्या हाताने सीटबेल्ट घट्ट धरून बसला होता.

प्लास्टर निघाल्यावर एका रविवारी सकाळी तो फॉर्म घेऊन आमच्या दारात आला. शॉटगनच्या लायसन्सचा फॉर्म. त्यात ओळखीच्या दोघांची नावं द्यावी लागतात. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, त्यांच्याकडे माणूस कसा आहे याची चौकशी करू शकतात. एक नाव त्याच्या दुकानदार मित्राचं होतं.

"दुसरं तुझं देऊ का? डॉक्टरचं नाव बरं दिसतं," डोनल म्हणाला.

मी पटकन हो म्हणाले. तरी तो जाईना. टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"एक सांगायला हवं," म्हणाला. "तिशीत असताना पबमध्ये मारामारी केली होती. त्या माणसाचा एक डोळा गेला. आठ महिने आत होतो. ते अजून रेकॉर्डवर आहे." मग टोपीकडे बघत, "त्यानंतर कुणावर हात उचलला नाही. दारू पण सोडली."

"दोन दिवसांत सांगते," मी म्हटलं.

निखिलने ऐकल्या ऐकल्या नकारार्थी मान हलवली. आमचा सिटिझनशिपचा अर्ज नुकताच गेला होता. "उद्या काही झालं तर कागदावर तुझं नाव राहील," तो म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. एकटा, खचलेला म्हातारा आणि घरात बंदूक, हे ऐकून कुठलाही डॉक्टर घाबरेल, तशी मीही घाबरले होते. पण खरं सांगते, मला सारखा तो गेलेला डोळाच दिसत होता. रोज गेटवरून हात करणारा माणूस एका वाक्यात परका झाला...

मी डोनलला खोटं सांगितलं. म्हटलं, "हॉस्पिटलचे नियम कडक आहेत. आम्हाला पेशंट झालेल्या शेजाऱ्यांच्या भानगडीत पडता येत नाही."

"ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे'. "नो बॉदर ॲट ऑल."

त्याला दुसरं नाव मिळालं, पण लायसन्स मिळालं नाही. कारणाच्या रकान्यात त्याने 'घराच्या रक्षणासाठी' असं लिहिलं होतं आणि इथे ते कारण चालत नाही. दुकानदार मित्राने बजावलं होतं, कोल्हे मारायला म्हणून लिही. "मला कोल्ह्यांची भीती वाटत नाही," असं डोनल म्हणाला म्हणे. त्यात ते जुनं रेकॉर्ड... नकार आला.

मला सुटल्यासारखं वाटलं. पण खोटं बोलल्यावर त्याच्यासमोर जायला नको वाटायचं, म्हणून मी त्याच्या घराकडे फिरकेनाशी झाले. जानेवारीत वॉर्ड कोविडच्या पेशंट्सनी भरले, ते निमित्तही आयतं मिळालं.

तो मात्र, हे नंतर कळलं, भीतीने रोज रात्री मागच्या दाराला कपाट लावून ठेवत होता आणि सकाळी सरकवत होता. फेब्रुवारीत एकदा सरकवताना पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. सकाळपासून किचनमध्ये जमिनीवर पडून होता... दुपारी पोस्टमनला आवाज आला तेव्हा अँब्युलन्स आली. त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी साठ-सत्तर पावलांवर कपडे वाळत घालत होते.

दुसऱ्या दिवशी वॉर्डमध्ये जाऊन भेटले. फोन तेवढा वेळ त्याच्या खिशातच होता, माझा नंबर त्यात होता.

"मला फोन का नाही केलास?"

"तुला नियम आहेत ना," तो म्हणाला. "म्हटलं, माझ्यापायी तुझी नोकरी जायला नको."

टोमणा नव्हता तो. त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. मी सगळं सांगणार, तेवढ्यात त्याने विचारलं, गायींना चारा कुणी घातला? मी म्हटलं, निखिलने. तो "थँक्स, डॉक्टर" म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला... मी निघून आले.

तिथून तो नर्सिंग होममध्ये गेला. व्हिजिटर्स बंद होते, फोनवर त्याला नीट ऐकू येत नाही. तो आता परत येणार नाही असं कळलं.

बंदुकीसाठी माझं नाव मी आजही दिलं नसतं. पण "डोनल, मला भीती वाटते" एवढं तोंडावर सांगता आलं असतं. आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट त्याने माझ्या दारात उभं राहून सांगितली होती... मला माझी साधी भीतीसुद्धा सांगता आली नाही.