शेजारच्या न्हाणीवरची शिराळी

चैत्र लागला की जयवंताच्या मागल्या दारी पाऊल ठेवायला जागा नसे. मांडवावर शिराळी, कुडावर पडवळ, खाली भेंडीचे दोन वाफे. बाकी वाडीत तेव्हा शेतं भेगाळलेली, विहिरीच्या तळाला कळशी घासायला लागलेली आणि नळाला एक दिवसाआड पाणी. भिवपुरीकडून कुणी नवा माणूस वाडीत आला की थांबून विचारी, हिच्याकडे हे हिरवं कुठून? जुनी माणसं विचारीत नसत. जयवंताचं परस शेजारणीच्या न्हाणीवर जगतं हे त्यांना ठाऊक होतं.

शेजारीण म्हणजे संध्या. तिचं घर जरा उंचावर, आणि घरात माणसं नऊ. नऊ जणांच्या आंघोळी, नऊ जणांची भांडी. जयवंताकडे ती आणि तिचा नवरा सहदेव, दोनच. "दोन मानसांच्या आंगूळीत अळूबी वाढत नाय," असं ती म्हणे.

पण हे पाणी काही सहज आलेलं नव्हतं. सहदेव रेल्वेत गँगमन होता तेव्हा एका सुट्टीत त्याने मधल्या कुंपणाचा कूड हातभर पलीकडे सरकवला आणि त्यावरून दोन्ही घरांत सात वर्षं अबोला होता. संध्याच्या न्हाणीचं पाणी तिच्याच अंगणात साचायचं, डास व्हायचे, पोरं तापाने पडायची. एका सकाळी जयवंताने कुदळ घेतली आणि कुणाला न विचारता संध्याच्या अंगणात शिरून पाट खणायला लागली. संध्या कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काय करतेस?" सात वर्षांतला हा तिचा पहिला शब्द.

"तुजं पानी नेतंय."

"ने मंग. पन पयली तोड माज्या घरात आली पायजे."

त्याला एकोणीस वर्षं झाली. पाणी तिकडून इकडे आणि भाजीची पहिली तोड इकडून तिकडे. यात कधी खंड पडला नाही.

यंदा माघात संध्याच्या विपुलचं लग्न झालं. सून हर्षला मोहोपाड्याच्या कॉलनीतली, कामाला चलाख, बोलायला मोकळी. तिच्यासाठी न्हाणीला फरशी बसली आणि न्हाणीची बाथरूम झाली. हर्षला रोज सकाळी ती फरशी निळ्या बाटलीतलं काहीतरी ओतून खसाखसा घासायची.

फाल्गुन सरता सरता जयवंताच्या शिराळ्याची पानं कडेने भाजल्यासारखी झाली. तिने आधी उन्हाला दोष दिला, मग किडीला. राख मारली, आंबट ताक शिंपडलं. काही फरक नाही. एके दिवशी दहा वाजता ती पाटाशी बसलेली असताना फेसाळ निळं पाणी आलं आणि त्याचा वास थेट नाकात चढला. डोळ्यांना पाणी आलं तसं तिला सगळं उमगलं.

"जा नि सांग," सहदेव म्हणाला.

"काय सांगू? तुजी सून माजी भाजी मारतेय?"

"आसंच सांग."

"सात वरसं त्वांड बंद व्हतं, ते इसरलात?"

"ते कुडामुलं."

"कूड कोनी सरकवला व्हता?"

सहदेवने तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली.

जयवंता गेलीसुद्धा. पदरात चार भेंड्या घेऊन गेली, चहा प्याली. संध्याने हात धरून तिला न्हाणीच्या दारात नेलं. "बग, आपलं त्वांड दिसतं फरशीत. सून कशी हाय माजी." जयवंताने वाकून पाहिलं. "दिसतंय गं," म्हणाली आणि घरी आली.

मग तिने दहाच्या सुमाराला ढेकूळ लावून पाट अडवायला सुरुवात केली. पण निळं पाणी कधी दहाला येई, कधी बाराला. अडवावं तर वेल तहानेने माना टाकीत, सोडावं तर करपत. सांगावं तर पाणीच तुटायची भीती. शेवटी तिला एकच वाट सुचली. तिने हर्षलालाच कुडावरून हाक मारली.

"माज्या डोल्यांना आताशा बारीक दिसत नाय गं. संध्याकाली पाचला येशील? काम हाय."

शिराळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात, आणि यंदा मधमाश्या फिरकत नव्हत्या. जयवंताने एक पिवळं फूल खुडून तिच्या हातात दिलं.

"ह्यो नर. नुसता फुलतो नि झडतो."

"आणि ही?"

"ही बाई. बग, फुलायच्या आदीच पोटाशी शिरालं घेऊन आलीय."

"लग्नाआधीच?" हर्षला म्हणाली.

जयवंताला हसू आवरेना. "हलू बोल बाय, तुजी सासू कुडापल्याड हाय."

नराचं फूल मादीच्या फुलात हलकेच फिरवायचं, एवढंच काम. हर्षलाला ते इतकं आवडलं की रोज पाच वाजता ती आपणहून येऊ लागली. आठ दिवसांत तिने अकरा फुलं लावली. रोज येऊन ती एकेक बोटाने मोजायची. चार शिराळी बोटाएवढी झाली, आणि मग एकामागून एक पिवळी पडून गळली.

शेवटचं गळलं त्या सकाळी ती फरशी घासून, हात पुसत थेट मांडवाखाली आली होती. शिराळं उचलायला खाली बसली. समोरून पाट वाहत होता, निळसर, फेसाचा. ती त्या पाण्याकडे बघत राहिली, मग मान वर करून आपल्या घराच्या पाइपकडे.

"काकी, हे आमचं पाणी?"

"व्हय."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पाडव्याच्या आदीपास्नं."

"आणि तुम्ही मला फुलं लावायला शिकवत बसलात. सरळ सांगायचं ना. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"तू नाय गं. तुजी सासू..."

"सासूचं काय?" कुडापलीकडून संध्याचा आवाज आला.

हर्षला उठली आणि मागे न बघता निघून गेली. जयवंताला तिची पाठ दिसली आणि वाटलं, शिराळी तर गेलीच, पोरगीही दुखावली.

दुसऱ्या दिवशी पाट कोरडा. निळं नाही, पांढरं नाही, थेंबही नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. भेंडीने पानं मिटली. जयवंताने दोघांच्या आंघोळीचं पाणी तांब्या तांब्याने मांडवाच्या बुडाशी घातलं.

"सांग सांग म्हनत व्हतात ना," ती सहदेववर उखडली. "आता बगा."

"तू सांगितलंच कुठं? पोरीनं आपल्या डोल्यांनी पायलं," सहदेव म्हणाला. जयवंताला हे पटलं, त्यामुळे ती आणखीच चिडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून टिकावाचे घाव ऐकू आले. जयवंता कुडाशी गेली. विपुल बनियनवर घामाघूम होऊन खणत होता. शेजारी हर्षला नवा पाइप धरून उभी.

"काकी, जरा सरका. फरशीचं पाणी आता शोषखड्ड्यात जाणार. अंघोळीचं नि भांड्यांचं तुमच्याकडे. ते जोडेपर्यंत बंद ठेवलं होतं."

"दोन दिस नऊ मानसं लांब कालव्यावर जाऊन न्हायली तुज्या शिराल्यापायी," संध्या ओट्यावरून म्हणाली. मग खाली उतरून कुडाशी आली. "माज्याकडं आलीस, च्या प्यालीस, फरशीत त्वांड बगितलंस. बोलली का नायस?"

"भ्यायले."

"तू? कुदल घेऊन माज्या अंगनात घुसलीस तवा नाय भ्यालीस."

"तवा गमवायला काय नव्हतं."

संध्याने पदराने तोंड पुसलं आणि विपुलकडे वळली. "खोल खन रं. वरवर नको."

वेलाच्या करपलेल्या फांद्या जयवंताने कापून टाकल्या. बुडातून नवे धुमारे आले आणि पंधरा दिवसांत मांडवाच्या बांबूला भिडले. हर्षलाने पुन्हा फुलं लावली. मधल्या काळात जयवंता रोज पाटाचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगायची. साबणाचा वास येई, कधी भाताच्या पेजेचा. त्याला वेलाची ना नव्हती.

अक्षय तृतीयेला पहिली तोड झाली. सतरा शिराळी, कोवळी, नखाने टोचली की पाणी सुटेल अशी. सगळी टोपली संध्याकडे गेली. संध्याने सुक्या कोळंबीचे सोडे घालून भाजी केली, सालींची चटणी वाटली आणि झाकण घालून अर्धी भाजी परत पाठवली. असं एकोणीस वर्षांत तिने कधी केलं नव्हतं.

"दुसरी तोड कुणाची?" हर्षलाने विचारलं.

"तुजी. म्हायेरी घेऊन जा मोहोपाड्याला."

"आणि तिसरी?"

"तिसरी उरली तर आमच्या म्हाताऱ्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंता भेंडी खुडत होती. वर बाथरूममध्ये विपुलच्या आंघोळीचा आवाज चालला होता आणि पाटात पाणी येऊ लागलं होतं. तेवढ्यात हर्षलाने दारावर थाप मारली.

"अहो, शाम्पू बेताने ओता. खाली माझी शिराळी आहेत."

"सहा तर केस हायेत त्याला," संध्या ओट्यावरून म्हणाली. "बाटली कशाला लागती?"

जयवंताने पाटातलं ढेकूळ पायाने बाजूला केलं आणि पाणी भेंडीच्या वाफ्याकडे वळवलं.