नेलपॉलिशची रेघ

आमच्या आरागिरणीत लाकूड कापलं जातं ते डिझेल इंजिनावर, आणि ते इंजिन चालवतो माझा थोरला भाऊ. गिऱ्हाइकं त्याला तोंडावर दादा म्हणतात आणि पाठीमागे सुसाटशेठ. हे दुसरं नाव त्याला ठाऊक आहे आणि मनापासून आवडतं.

इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या तबकडीवर कंपनीने एक लाल रेघ आखून दिली होती. काटा त्यापुढे नेऊ नका, असा तिचा अर्थ. दादाच्या मते ती भित्र्या माणसांनी बंद खोलीत बसून आखली होती. "त्यांना नोकरी टिकवायची असते," तो म्हणायचा, "आपल्याला गिऱ्हाईक टिकवायचंय." म्हणून त्याने ती खरवडून काढली आणि वहिनीच्या नेलपॉलिशने जवभर पुढे नवी मारली. इंजिन फुटलं नाही. मग आणखी जवभर. होता होता रेघ इतकी सरकली की काट्याला पुढे जायला जागाच उरली नाही, आणि दादा छाती फुगवून सांगू लागला की आपलं इंजिन कधी मर्यादा ओलांडत नाही.

घाबरायचं काम त्याने वहिनीवर सोपवलं होतं. इंजिनाचं जड लोखंडी फ्लायव्हील ज्या भिंतीसमोर फिरतं, तिच्या पलीकडेच तिचं स्वयंपाकघर. वेग हाताबाहेर गेला तर ते चाक फुटतं, आणि मग भिंतबिंत त्याला अडवत नाही. इंजिन रंगात आलं की वहिनीची पातेली ओट्यावरून आपापली चालू लागायची. दादाची खुर्ची मात्र दुसऱ्या टोकाला, दाराशी. तिथे वारा चांगला येतो म्हणे.

"अहो, इंजिन तरी हलवा, नाहीतर रेघ मागे घ्या," वहिनी म्हणायची.

"तुला इंजिनातलं काय कळतं?"

असं विचारून झालं की तो जेवताना तिला तासभर इंजिन शिकवायचा. "हे माणसासारखंच. हवा लागते त्याला. फारच माजलं, तर नाक दाबायचं. मेलंच समज." वहिनी वाढता वाढता ऐकायची. मला जांभया यायच्या.

त्या दुपारी मी अंगणात फळ्या रचत होतो. इंजिनाचा आवाज चढला आणि चढतच गेला. वर्षानुवर्षं ताणून आतले भाग झिजले होते, आणि आता इंजिन डिझेलसारखं स्वतःचंच वंगणाचं तेल पिऊ लागलं होतं. दादाने डिझेल बंद केलं. इंजिनाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. खोली धुराने भरली आणि त्या धुरातून सगळ्यात आधी बाहेर पडला तो दादा. त्याचा वेग कुठल्याच तबकडीवर मावला नसता. मागोमाग कामगारांनी धूम ठोकली.

आत शिरली ती एकटी वहिनी. हातात भाजी चिरायची जाड फळी, आमच्याच गिरणीत कापलेली. इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडावर तिने ती दोन्ही हातांनी दाबून धरली. मी धावत दाराशी पोचलो तोवर इंजिन गचके देत, घरघरत थांबलं होतं.

वहिनी धुराने काळीठिक्कर होऊन बाहेर आली. दादा फाटकापाशी उभा होता.

"मी भिंतीपलीकडे होते," ती म्हणाली. "पळताना आठवलं होतं ना?"

मला त्याचा संताप आला, आणि त्याचं तोंड बघून कीवही आली.

इंजिन दुरुस्त होऊन आलं त्या दिवशी वहिनीने त्याची खुर्ची दारातून उचलली, फ्लायव्हील आणि स्वयंपाकघराची भिंत यांच्या मधोमध नेऊन ठेवली आणि नेलपॉलिशची बाटली त्याच्या हातात दिली.

"तुमची जागा आता ही. मारा रेघ, हवी तिथे."

दादा त्या खुर्चीत बराच वेळ बसून राहिला. शेजारच्या चाकाकडे त्याने दोनदा पाहिलं. मग उठला आणि कंपनीच्या जुन्या खुणेच्याही जवभर अलीकडे त्याने रेघ मारली. ती पुरती वाळेपर्यंत त्याने कुणाला इंजिनाला हात लावू दिला नाही.