साहेबांना गाव विचारलं आणि सुनेचा आलेख सुधारला

कुलकर्णी वहिनी, गुडघा कसा आहे? जोशीकाका, खोकला थांबला का? ग्रुपवरची बाकी मंडळी बरी ना?

आज मी एक घोळ घातला. आमची सून मृणाल डेटा ॲनालिसिस शिकली आहे. इथे कोलकात्यात बालीगंजला आल्यापासून वर्षभर नोकरी शोधतेय. इथल्याच न्यू टाउनमधल्या एका कंपनीतल्या मराठी साहेबांना तिने नोकरीच्या साइटवर तीनदा इंग्रजीत लिहिलं, उत्तर नाही. सकाळी मी त्यांच्या पोस्टखाली मराठीत विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं हो?"

मृणालने कपाळाला हात लावला. "बाबा, तिथे गाव नाही विचारत! स्थळ बघताय का?"

तेवढ्यात उत्तर आलं, "काका, सातारा!" मग मी तिला तिच्या कामाचे, म्हणजे आलेखांचे, नमुने पाठवायलाच लावले. दुपारी साहेबांनी लिहिलं, "जागा सध्या नाही. पण तिसरा आलेख चुकलाय, एवढं बदला."

मला वाटलं, पोर हिरमुसणार. तर ती संध्याकाळपर्यंत गुणगुणत आलेख सुधारत बसली. म्हणाली, "बाबा, वर्षभरात पहिल्यांदा कुणी नीट बघितलं."

तुमच्यापैकी कुणी या कामातलं असेल, तर तिचं काम बघाल का? चुका खुशाल काढा. फक्त लवकर लिहा, नुसता अंगठा नको.