सावधान स्थितीतला ईसीजी

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधलं माझं शेवटचं पोस्टिंग पुण्यात होतं. निवृत्तीला दोन महिने असताना पलूसच्या माजी सैनिक मेळाव्यात वैद्यकीय पथकाबरोबर गेले. ०९०० ला कॅम्प सुरू झाला. माझ्याकडे ईसीजीचं टेबल. पहिल्या एकवीस पट्ट्या ठीक निघाल्या.

बाविसावे हवालदार दस्तगीर मुलाणी, वय एकसष्ट. छाती काढून त्यांनी रिपोर्ट दिला, "सब ठीक, मॅडम!"

"कसलं ठीक?" मागून त्यांची बायको म्हणाली. "पहाटेपास्नं छाती भरून आलीया. पित्त म्हनून सोडा पितायत."

त्यांना आडवं करून वायरी लावल्या. पट्टी आली ती नुसती थरथरलेली. वाचण्यासारखं काहीच नाही. बघते तर टाचा जुळलेल्या, मुठी आवळलेल्या. हवालदार झोपून सावधान होते. स्नायू ताणले की मशीन त्यांचीच थरथर लिहितं.

"अंग सैल सोडा."

"आफिसरसमोर?"

"विश्राम!" मी हुकूम दिला. पाय फूटभर फाकले. बाकी लाकूड.

"आवं, लग्नात बी येवढं ताठ न्हवता," बायको म्हणाली.

"आराम से!"

आता कुठे अंग सैल पडलं.

दुसरी पट्टी स्वच्छ आली. प्रत्येक ठोक्याच्या टोकानंतर रेष मूळ पातळीवर यायला हवी. छातीच्या डाव्या बाजूच्या वायरींमध्ये, व्ही-फोर ते व्ही-सिक्समध्ये, ती दोन मिलिमीटर खाली बसली होती. हृदयाला रक्त कमी पडत होतं.

आमच्या डॉक्टर कॅप्टननी पट्टी पाहिली. "ॲस्पिरिन चावायला द्या. सांगली. आत्ता."

"जेवून जातो की मॅडम. मटन हाय."

"गाडीत बसा. ऑर्डर आहे," मी म्हणाले.

"जित्तं ऱ्हायलासा तर मी घालीन करून!" बायकोने पिशवी उचलली.

१११० ला अँब्युलन्स निघाली. मी सोबत होते. १२०० ला सांगलीच्या हॉस्पिटलात पोचलो. संध्याकाळपर्यंत स्टेंट बसला.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेले. हवालदार अळणी आमटीवरून सिस्टरशी वाद घालत होते. मला बघून थांबले. मग आपणहून बोलले.

"आमचा लान्स नाईक तानाजी. डोंगरावरच्या पोस्टवर त्याची छाती दुखाय लागली. म्हनला, रिपोर्ट करू नगा, हसतील. आमी न्हाई केला. सकाळी उठलाच न्हाई."

"वय?"

"चौतीस. मला दोन वर्सांनी थोरला हुता." ते थोडं हसले. "आता मीच त्याच्याहून सत्तावीस वर्सांनी थोरला झालोय."