दुसऱ्या रिपोर्टची दुपार

माझी वहिनी रक्त काढते. इस्पितळात तिची नोकरीच ती. लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचा, शीर शोधायची, नळी भरून प्रयोगशाळेत पाठवायची. घरात मी तिला डास म्हणतो. ती म्हणते, डास परवानगी मागत नाही, मी मागते.

सुईला घाबरणाऱ्यांसाठी तिची एक रीत आहे. ती त्यांना डोळे मिटून मनातल्या मनात घरी जायला सांगते आणि हळू आवाजात विचारत राहते, आता कुठं पोचलात, उजव्या हाताला काय आहे. माणसं खरोखरच जातात. कुणी दोरीवरचे ओले कपडे बाजूला सारतं, कुणी दार उघडल्यावर येणारा साबणाचा वास सांगतं, तोवर नळी भरलेली असते. मी एकदा असा गेलो तो परत यायचं नावच घेईना, हे ती पाहुण्यांना अजून रंगवून सांगते.

माझा थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करतो आणि बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. यावर कुणी हसलं की त्याला अजून राग येतो. त्या दिवशी कामावर त्याच्या छातीत दाबल्यासारखं झालं. मी त्याला अक्षरशः ओढत इस्पितळात आणलं. हृदयाचा आलेख ठीक आला, रक्तही ठीक आलं. पण वहिनीनं बजावलं, की हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात झिरपतं आणि ते दिसायला वेळ लागतो. म्हणून काही तासांनी पुन्हा रक्त काढून आकडा चढतोय का ते बघायचं असतं. दादाच्या डोक्यात फक्त ‘ठीक’ एवढंच शिरलं. त्यानं बूट घातले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मी तर भांडलोच, पण तो हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. सही करून घरी जातो, म्हणाला.

वहिनी भांडली नाही. ती बाकावर त्याच्या शेजारी बसली. पडद्यातून गाळून आलेलं ऊन फरशीवर पसरलं होतं, कुठलंसं यंत्र एका लयीत वाजत होतं आणि सगळा वॉर्ड पेंगत होता.

"घरी जायचंय ना?" ती म्हणाली. "मग मिटा डोळे. जाऊ या."

त्याला हसू आलं, पण त्यानं डोळे मिटले. ती विचारत गेली, तो सांगत गेला. कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान बंद होतं. इमारतीचं दार कुरकुरलं. जिन्यात गारवा होता, कठड्याचा रंग हाताला लागत होता. त्याचा आवाज झोपेतल्यासारखा जड झाला. माझेही डोळे मिटायला लागले, मीही त्यांच्या मागोमाग चढत होतो. पहिला मजला मागे पडला आणि दादा थांबला.

"इथं बसतो जरा."

"कुठं?"

"खिडकीखालच्या पायरीवर. दाब गेला की उठतो."

वहिनीचा आवाज तसाच मऊ राहिला. "रोज बसता?"

"उन्हाळा संपल्यापासून. तुला वरून दिसत नाही इथलं."

मग त्यानं डोळे उघडले, पण बोलून बसला होता. वहिनी उठून थेट डॉक्टरीणबाईंकडे गेली. जिन्यातल्या बसण्याचं ऐकून त्यांनी दादाला तिथल्या तिथे खाटेवर घेतलं आणि छातीला तारा लावल्या. दुसऱ्या वेळचं रक्त वहिनीनंच काढलं.

आकडा कितीतरी पटींनी चढला होता. बंद पडत चाललेली रक्तवाहिनी आजच उघडायची, घरी गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक ठेवून द्यावीशीही.

तुला घाबरवायचं नव्हतं, असं तो वहिनीला सांगू लागला. तिनं ते पुरतं ऐकलंही नाही. खाट ढकलत नेऊ लागले तशी ती त्याचा हात धरून बरोबर चालत राहिली. आतल्या दारापाशी तिला थांबावं लागलं.

"मला भीती वाटतेय गं," दादा म्हणाला. उभ्या आयुष्यात मी त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं.

वहिनीला रडू फुटलं. "एवढंच सांगायचं होतंत हो," ती म्हणाली, "त्या पायरीवरून हाक मारून."