मोईच्या खोडावरचा पतंग

मोईच्या झाडाचा पाला चुरगळला की कैरीसारखा वास येतो. साठेक वर्षं झाली, तरी त्या वासानं मी येडशीच्या रामलिंगाला जाऊन पोचते.

तिथं माझ्या वडिलांचा, अण्णांचा, दहावा होता. पिंडाला कावळा शिवत नव्हता. काका हात जोडून म्हणाले, "पोरीची शाळा बंद करणार न्हाय आमी." तरी कावळा येईना.

आईनं मोईच्या खोडाकडं बोट केलं. सावलीच्या बाजूला लांब शेपटांचा फिकट हिरवा पतंग पंख पसरून बसला होता. अण्णा दर पावसाळ्यात तिथंच त्याला शोधायचे. आईला सोबत बोलवायचे. तिला सवड नसायची.

"त्यांचं हेच बघायचं राहिलं व्हतं," ती म्हणाली.

मग कावळा शिवला. आता वाटतं, राहिलं होतं ते तिचंच.